हिरड्याच्या बुरशीचा बदलीचा अर्ज

बुधाजी भालचिम यांच्या दारातल्या हिरड्याच्या बुरशीने फाल्गुन महिन्यात बदलीसाठी अर्ज केला, आणि अर्ज नियमात बसत होता.

तालुक्याच्या गावी, वजनमापांच्या कचेरीमागच्या दोन खोल्यांत वृक्ष-बुरशी भागीदारी कार्यालय आहे. डोंगरातलं प्रत्येक झाड आणि त्याच्या मुळांशी नांदणारी बुरशी यांची नोंद तिथे असते. बुरशीचे धागे केसाहून बारीक. मुळं जिथे पोचत नाहीत तिथून ते पाणी आणि क्षार आणून देतात, आणि झाड पानांत शिजवलेली साखर त्यांच्यासाठी खाली पाठवतं. बहुतेक जोडपी वर्षानुवर्षं गुण्यागोविंदाने राहतात, कार्यालयाला त्यांचं तोंडही बघावं लागत नाही. एक आमरी, म्हणजे जंगली ऑर्किड, तेवढी नाठाळ. ती बुरशीकडून सगळं घेते आणि बराच काळ देत काहीच नाही. तिची फाइल तेवीस वर्षं कपाटाच्या वरच्या खणात आहे. नवा येणारा प्रत्येक अधिकारी ती काढतो, दोन पानं वाचतो, सुस्कारा टाकतो आणि होती तिथे ठेवतो.

अर्ज करायची पद्धत सोपी आहे. कार्यालयाचा शिपाई फिरतीवर येऊन छापील नमुना ओला करून मुळाशी पुरतो आणि तीन दिवसांनी उकरून काढतो. बुरशीला जे म्हणायचं असतं ते तोवर कागदावर उमटलेलं असतं. अक्षर पांढरं, बारीक आणि लेखणी न उचलता लिहिलेलं. काही अर्जदार समासही सोडतात.

बदलीचं कारण बहुतेक वेळा ऊन असतं. वीतभर खोलीवरची माती ओळीने तीन चैत्र सत्तावीस अंशांच्या वर गेली, तर बुरशीला डोंगराच्या वरच्या अंगाला, थंडाव्याच्या जागी बदली मागता येते. झाडाला तशी सोय नाही. झाडाला हलता येत नाही ही गोष्ट कायदा करणाऱ्यांच्या ध्यानात आली होती, पण त्यावर त्यांना काही सुचलं नाही.

बुधाजीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं असं नाही. निरगुडवाडीत सगळ्यांनाच ते ठाऊक असतं. पण आपल्या दारात असं काही होईल, असं कोणाला वाटतं? आपला हिरडा, आपली बुरशी. एक्केचाळीस वर्षांची सोबत. बुधाजी आणि ठकूबाईचं लग्न झालं त्या पावसाळ्यात तो हिरडा लावलेला. सासूने सुनेच्या हातात रोप देऊन म्हटलं होतं, "हे तुझं. हेला कुणी हात लावायचा न्हाई."

तेव्हापासून त्या झाडाचा बाळहिरडा ठकूबाईच वेचायची. चैत्र-वैशाखात कोवळी फळं गळतात, ती गोळा करून वाळवायची. वाडीत तिच्याइतका हलका हात कुणाचा नव्हता. सहा वर्षांपूर्वी काचबिंदूने तिचे डोळे गेले. आता तिला उजेड आणि अंधार एवढंच कळतं. शेतातली कामं सुटली, चुलीपाशी सून बसायला लागली. हिरडा वेचणं मात्र तिने सोडलं नाही. दुपारची जेवणं झाली की ती अनवाणी झाडाखाली जायची, गोणपाट टाकून बसायची, पाण्याचा तांब्या बाजूला ठेवायची आणि हाताने चाचपत एकेक फळ उचलायची. दिवसभरात तिचं म्हणून एवढंच काम उरलं होतं, आणि त्याबद्दल ती कुणाशी बोलायची नाही, इतकं तिला ते जपायचं होतं.

तिच्या पायात काटा जाऊ नये म्हणून बुधाजी रोज सकाळी झाडाखालची जमीन झाडायचा. नुसती झाडायचा नाही, लख्ख करायचा. एकही पान, एकही काटकी ठेवायचा नाही. गोळा झालेला पाला तो खाचराच्या कडेला रचून ठेवायचा आणि वैशाखात राब भाजायला घ्यायचा, म्हणजे भाताचं रोप टाकायच्या जागेवर पसरून पेटवायचा. सहा वर्षांत एका दिवसाचा खाडा नाही. ताप असला तरी खराटा हातात. गावात लोक थट्टा करायचे की बुधाजीच्या हिरड्याखाली ताटाशिवाय जेवायला बसावं. बुधाजी हसायचा. मनातून त्याला ते आवडायचं.

अशा झाडाच्या खोडाला एका सकाळी खळीने नोटीस चिकटवलेली दिसली. बुधाजी चौथी शिकलेला. त्याने खराटा बगलेत धरून ती दोनदा वाचली. अर्जदार: बुरशी. जाबदेणार: हिरडा. विषय: बदली. सुनावणी जागेवर, चैत्रातल्या पहिल्या सोमवारी. बुधाजीने आजूबाजूला पाहिलं आणि ठकूबाईला काही सांगायचं नाही असं ठरवलं. तिला दिसत नाही, तेव्हा तिला कळणारही नाही, असा त्याचा हिशेब होता. एक्केचाळीस वर्षं संसार करूनही माणूस असा भाबडा राहू शकतो.

चार दिवसांनी ठकूबाई म्हणाली, "आवं, खोडाला कागद कसला लावलाय? वाऱ्यानं सारखा वाजतोय."

"मतदानाचा असंल," बुधाजी म्हणाला.

"झाडाला मतदान?"

यावर बुधाजीने तंबाखू शोधायचं निमित्त काढलं.

सोमवारी हांडेबाई आल्या. या भागाच्या तपासनीस. पन्नाशीच्या, पायात कॅनव्हासचे बूट, एका खांद्याला छत्री आणि दुसऱ्याला कापडी पिशवीत गुंडाळलेला तापमापक. एसटीने पायथ्याला उतरून त्या चढण चालत आल्या होत्या. त्यांनी आधी पाणी मागितलं, मग झाडाकडे पाहून वहीत लिहिलं, "जाबदेणार हजर." झाड नेहमीच हजर असतं, पण लिहावं लागतं.

ठकूबाई आत सुनेला शेवया वळू लागत होती. बुधाजीने मुद्दाम त्याच दिवशी शेवयांचा घाट घालायला लावला होता.

हांडेबाईंनी अर्ज हळू आवाजात वाचून दाखवला. "मी या झाडाच्या मुळांशी एक्केचाळीस वर्षं आहे. झाडाविरुद्ध माझी कसलीही तक्रार नाही. साखर कधी चुकली नाही. पाऊस रुसला त्या वर्षी झाडाने निम्मा मोहर गाळला, पण माझा वाटा पाठवला. परंतु गेली काही वर्षं चैत्रात जमीन फार तापते. माझे धागे तुटतात. पावसाळ्यात मी ते पुन्हा जोडते. आता जोडून होत नाहीत. वर कड्याच्या सावलीत थंडावा आहे असे कळते. तिथे बदली मिळावी. आपली नम्र."

बुधाजीने वाकून कागदावरची पांढरी अक्षरं पाहिली. "चांगलं लिवलंय," तो म्हणाला.

"चांगलंच लिहितात," हांडेबाई म्हणाल्या. "म्हणून जड जातं."

"आन् हिरड्याचं काय म्हणनं?"

झाडाचं म्हणणं आधीच घेतलेलं होतं. त्यासाठी दोन रकान्यांचा कागद खोडाजवळ पसरून कडांवर दगड ठेवतात. एका रकान्यात 'हरकत आहे', दुसऱ्यात 'हरकत नाही'. झाड ज्या रकान्यावर पान टाकेल ते त्याचं उत्तर. झाडं सावकाश विचार करतात, म्हणून मुदत अकरा दिवसांची असते. या हिरड्याने पहिल्याच दिवशी, शिपाई तिथे असतानाच पान टाकलं होतं. 'हरकत नाही'वर. हांडेबाईंनी ते कागदाला टाचणी लावून जपलं होतं.

"झाडं कधीच हरकत घेत नाहीत, बाबा," त्या म्हणाल्या. "अठरा वर्षं झाली मला या कामात. एकानंही कधी 'जाऊ नको' म्हटलं नाही. त्यांना अडवायची सवयच नाही."

"आन् ती गेल्यावर?"

"दुसरी बुरशी देतो आम्ही. खालच्या सागाखालची. तिला ऊन सोसतं. पण तिच्यासाठी रांग आहे. तीन पावसाळे तरी थांबावं लागेल."

"हिरडा थांबंल?"

हांडेबाईंनी वर पाहिलं. नवी पालवी फुटली होती, पण शेंड्याकडच्या फांद्या उघड्याच होत्या. "दोन उन्हाळे," त्या म्हणाल्या. "पुढचं मी सांगत नाही."

बुधाजीच्या डोळ्यांपुढे आधी हिरडा आला नाही. ओट्यावर भिंतीला टेकून, हात मांडीवर ठेवून बसलेली ठकूबाई आली. तिच्या हातांना काहीच काम नव्हतं. त्याला ते पाहवेना.

"मोजून तर बघा," तो म्हणाला. "कागदावरचं काय खरं."

"मोजायलाच आलेय."

हांडेबाईंनी पाच जागा निवडल्या आणि वीतभर खोल भोकं पाडून तापमापक लावला. पहिल्या जागी एकोणतीस. दुसऱ्या जागी एकोणतीस. तिसऱ्या, चौथ्या जागी तेवढंच. पाचवी जागा खोडाच्या पूर्व अंगाला, दोन जाड मुळांच्या बेचक्यात होती. तिथे सव्वीस भरलं. हांडेबाईंनी तापमापक झटकून पुन्हा लावला. पुन्हा सव्वीस.

"इथं काय आहे?"

"काय न्हाई. म्हातारी बसती तिथं. गोणपाट टाकून. उठताना तांब्यातलं उरल्यालं पाणी वतती."

त्यांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. मग त्या उठल्या आणि पंधरा पावलांवरच्या करवंदीच्या जाळीत शिरल्या. तिथे कुणी झाडत नाही. घोट्याएवढा पाला साचला होता. पाल्याखालची माती त्यांनी मोजली. पंचवीस.

ओट्यावर बसून हांडेबाईंनी जुनी नोंदवही उघडली. पूर्वी हिरड्याखाली चैत्रात चोवीस असायचं. वर्षामागून वर्षं, चोवीस. मग एकदम चढत गेलेलं. "एक अंश डोंगरच तापलाय," त्या म्हणाल्या. "तो सगळीकडे तापलाय, त्याला तुम्ही आम्ही इथं बसून काही करू शकत नाही. उरलेले चार अंश मात्र या अंगणातले आहेत. सहा वर्षांपूर्वी इथं काही बदललं का, बाबा?"

बुधाजीने भिंतीला टेकवलेल्या खराट्याकडे पाहिलं. मग त्याने खराट्यावरून नजर काढून घेतली, पण ती जायला दुसरी जागा सापडेना.

"मी बदललो," तो म्हणाला.

हांडेबाईंना समजायला वेळ लागला नाही. त्यांनी वही मिटली. "पाला म्हणजे जमिनीची गोधडी असते," त्या म्हणाल्या, आणि लगेच अपराधी वाटून पुढे म्हणाल्या, "पण तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं."

नियम असा होता की पंधरा दिवसांनी पुन्हा मोजणी करायची आणि अर्जदाराला शेवटचं विचारायचं. तोवर तापमान उतरलं आणि अर्जदाराने स्वतःहून अर्ज मागे घेतला, तरच बदली थांबते. जबरदस्ती चालत नाही. हांडेबाई हे सगळं सांगून, आणखी एक तांब्याभर पाणी पिऊन, डोंगर उतरल्या.

बुधाजी दिवस कलेपर्यंत ओट्यावर बसून राहिला. पाला परत पसरायला तो एका पायावर तयार होता. राबाची रास अजून पेटवायची होती, सगळा पाला शाबूत होता. पण पाला पसरला की खाली काटे, काटक्या, सगळं लपणार. आंधळ्या बाईने त्यावरून अनवाणी कसं चालायचं? वहाण घालून ती त्या झाडाखाली कधी गेली नव्हती आणि जाणारही नव्हती. म्हणजे झाड राखावं तर तिचं चालणं जाणार, आणि चालणं राखावं तर दोन उन्हाळ्यांनी झाडच जाणार. त्याने दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिला आणि शेवटी नाइलाजाने आत जाऊन खरं सांगून टाकलं. नोटीस, अर्ज, चार अंश, खराटा, सगळं.

ठकूबाईने शेवया वाळत घातलेल्या काठीवरचा हात काढला नाही. सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजी आता झाडायचं न्हाई," ती म्हणाली.

"झाडलं तर झाड जातंय. न्हाई झाडलं तर तुला काटं."

"बरं झालं," ठकूबाई म्हणाली.

"काय बरं झालं?"

ती थोडी घुटमळली. सहा वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट एकदम बाहेर काढणं कुणालाही अवघडच जातं. "आवं, पाला असला की फळ पडल्यालं ऐकू येतं. वाळल्या पानावर पडलं की वाजतं. कुठं पडलं, किती लांब पडलं, समदं कळतं. तुमच्या झाडल्याल्या भुईवर पडलं तर आवाजच न्हाई. गपकन पडतं आन् बसतं. मंग मी आपली चाचपत बसती दिसभर."

"आन् काटं?"

"माझ्या पायाला काय काटं नवं हायेत का?"

"मंग बोलली न्हाईस ती? सहा वर्षं?"

"काय बोलायचं? तुम्ही तापात सुदीक उठून झाडायचा. मला खराट्याचा आवाज यायचा सकाळी. मला वाटायचं, माझं डोळं गेलं म्हून ह्या माणसाला काय तरी करावं वाटतंय, तर करू द्यावं."

बुधाजीला रडू आलं. त्याने ते लपवलं नाही, कारण समोरच्या माणसाला दिसणार नव्हतं. आणि ठकूबाईनेही त्याला कळू दिलं नाही की तिला ऐकू येतंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी खराटा गोठ्यात टांगला गेला. बुधाजीने राबाची रास पाटी-पाटीने हिरड्याखाली आणली. सून म्हणाली, मग भाताचं रोप कसं करायचं? तो म्हणाला, यंदा तुझ्या माहेराकडनं आणू. त्याने पाला खोडापासून फांद्यांच्या टोकापर्यंत पसरला. काटक्या निवडून काढायचा त्याचा हात आपोआप पुढे व्हायचा, तो ओढून घ्यावा लागायचा. ठकूबाईने शेवटची पाटी स्वतः ओतली आणि वरून घागरभर पाणी शिंपडलं. पाल्याचा ओला वास दारापर्यंत आला.

पंधरा दिवसांनी हांडेबाई ठरल्या दिवशी आल्या. चार जागी सव्वीस, पाचव्या जागी पाऊण अंश कमी. त्यांनी ओला नमुना मुळाशी पुरला आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा चढण चढून आल्या. एवढ्यासाठी त्या दोनदा येत नसत, शिपायाला पाठवत. पण या प्रकरणात त्यांचा जीव अडकला होता, हे त्यांनी प्रवासभत्त्याच्या कागदावर लिहिलं नाही.

कागद उकरला तेव्हा तिघंही झाडाखाली होती. बुरशीने या वेळी अर्ध्या पानात आटोपलं होतं. हांडेबाईंनी वाचलं.

"तापमान उतरल्याचे मला कळले आहे. वरची जागा चांगली असेल, पण तिथे मला कोणी ओळखत नाही. मी अर्ज मागे घेते. सहा वर्षं कशी काढलीत, असा प्रश्न नमुन्यात विचारला आहे. उत्तर असे की या काळात चैत्र-वैशाखात मी एका गोणपाटाएवढ्या जागेत राहत होते. तिथे दुपारी सावली असे आणि संध्याकाळी थोडे पाणी मिळे. बसणाऱ्या बाईंचे नाव मला माहीत नाही. त्यांनी आपली बसण्याची जागा बदलू नये, एवढीच अट आहे. आपली नम्र."

हांडेबाईंनी चष्मा पुसला. "नाव सांगा, आजी."

"कशापायी?"

"अटीत तुमचा उल्लेख आहे. म्हणजे तुम्हाला भागीदारीत घ्यावं लागेल. नियमच आहे."

नोंदवहीत हिरड्यापुढे आणि बुरशीपुढे तिसरी ओळ आखली गेली. ठकूबाई बुधाजी भालचिम. काम: बसणे. मुदत: लागू नाही. ठकूबाईने अंगठा उठवला. शाईचं बोट पदराला न पुसता तिने ते मुळाला पुसलं.

"आन् मला कुठं लिवता?" बुधाजीने विचारलं.

हांडेबाईंनी रकाने वरपासून खालपर्यंत पाहिले. जागा नव्हती. मग पानाच्या अगदी तळाशी त्यांनी लिहिलं, 'साक्षीदार', आणि पुढे त्याला सही करायला सांगितलं. त्याने चौथीतल्या अक्षरात, लेखणी बरेचदा उचलत, सही केली.

हांडेबाई गेल्यावर दोघं झाडाखालीच राहिली. ठकूबाई आपल्या जागी बसली. बुधाजीला खराटा नसताना हातांचं काय करायचं ते समजेना, म्हणून तोही बसला. त्या झाडाखाली तो आयुष्यात पहिल्यांदा बसत होता. आतापर्यंत तो तिथे नेहमी वाकलेलाच असायचा. पायाला एक काटा लागला, तो त्याने गुपचूप काढला.

वरून काहीतरी पडलं. पाल्यावर अगदी हलकंसं वाजलं. बुधाजीने सगळीकडे पाहिलं. पानंच पानं. त्याला काही दिसेना.

"तुमच्या डाव्या अंगाला," ठकूबाई म्हणाली. "दोन हात. दगडाच्या अलीकडं."

बुधाजीने हात लांब करून पान उचललं. खाली बाळहिरडा होता, आणि त्याखालची माती गार होती. त्याने फळ तिच्या ओंजळीत ठेवलं आणि पान पुन्हा होतं तसं घातलं.